शंका-समाधान : मायक्रॉनचा हिशेब

(मागील अंकात प्लास्टिकच्या पिशव्यांवर छापलेल्या मायक्रॉनच्या आकड्याचा ओझरता उल्लेख झाला होता. मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग. त्यावरून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे संक्षिप्त करून येथे दिली आहेत.)

प्रश्न : आमच्याकडे एका दुकानातून आलेल्या एकसारख्या दहा पिशव्या जमल्या आहेत. त्यांवर "१२० मायक्रॉन" असे छापले आहे. पण हाताला त्या पातळ वाटतात. पिशवी ३० सेंटीमीटर रुंद व ४० सेंटीमीटर उंच आहे. घरच्या घरी ही जाडी तपासता येईल का? कारखान्यातील उपकरणे आमच्याकडे नाहीत.
– एक गृहिणी, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : उपकरण आपल्या ओट्यावरच आहे. स्वयंपाकघरातील काट्यावर दहाही पिशव्या एकदम ठेवून वजन करावे. (एकच पिशवी ठेवली तर एका ग्रॅमची चूकसुद्धा मोठी ठरते, दहा ठेवल्या की ती चूक वाटली जाते.) आपल्याला फोनवरून हे कळवल्यावर आपण वजन १७० ग्रॅम भरल्याचे सांगितले, म्हणजे एका पिशवीचे १७ ग्रॅम.

आता हिशेब. पिशवीला दोन पदर असतात, म्हणून एकूण प्लास्टिकचे क्षेत्रफळ ३० गुणिले ४० गुणिले २, म्हणजे २४०० चौरस सेंटीमीटर. पिशव्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या मऊ पॉलिथिनची घनता दर घन सेंटीमीटरला सुमारे ०.९२ ग्रॅम असते. १७ ला ०.९२ ने भागले की साडेअठरा घन सेंटीमीटर प्लास्टिक मिळते, आणि ते २४०० चौरस सेंटीमीटरवर पसरले तर जाडी ०.००७७ सेंटीमीटर, अर्थात ७७ मायक्रॉन येते. जाडी खरोखर १२० मायक्रॉन असती तर एका पिशवीचे वजन साडेसव्वीस ग्रॅमच्या आसपास भरायला हवे होते. तेव्हा आपला हात खोटे बोलत नव्हता.

एवढ्यावर दुकानदाराशी भांडायला जाण्यापूर्वी या रीतीच्या चुका कोणत्या बाजूला झुकतात, तेही पाहू. पिशवीत हात घालण्यासाठी जी खाच कापलेली असते, तिच्यामुळे क्षेत्रफळ थोडे कमी होते आणि जाडी आपल्या हिशेबापेक्षा किंचित अधिक निघते. पण हा फरक शेकडा दोन-तीनच्या पलीकडे जात नाही. पिशवीच्या बाजूंना आत दुमडलेल्या घड्या असल्या तर प्लास्टिकचे क्षेत्रफळ वाढते, आणि खरी जाडी ७७ पेक्षाही कमी ठरते. प्लास्टिकमध्ये खडूची पूड मिसळलेली असली तर माल अधिक जड होतो, म्हणजे त्याच वजनात त्याचे आकारमान घटते आणि जाडी पुन्हा कमीच भरते. थोडक्यात, एक चूक आपल्या विरुद्ध आहे व ती लहान आहे. उरलेल्या दोन्ही आपल्या बाजूच्या आहेत.

केंद्र सरकारच्या नियमांनी पिशव्यांची किमान जाडी टप्प्याटप्प्याने वाढवली : २०११ मध्ये ४० मायक्रॉन, २०१६ मध्ये ५०, ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२०. आपली पिशवी ७५ च्या टप्प्यावर बसते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. राज्याचे किंवा नगरपालिकेचे नियम याहून कडक असू शकतात, ते निराळे.

प्रश्न : मुलाच्या पुस्तकात मायक्रॉन हा शब्दच नाही, सर्वत्र "मायक्रोमीटर" आहे. आमच्या शिकवणीत मायक्रोमीटर हे बारीक जाडी मोजण्याच्या उपकरणाचे नाव होते. बरोबर काय?
– एक पालक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : पुस्तकही बरोबर आहे आणि आपणही. मिलीमीटरच्या हजाराव्या भागाला मायक्रॉन हे नाव आणि "म्यू" हे ग्रीक अक्षर आंतरराष्ट्रीय वजनमाप समितीने १८७९ मध्ये स्वीकारले होते. पुढे सर्व एककांची नावे एकाच पद्धतीने, म्हणजे मूळ एककाला उपसर्ग लावून, करण्याचे ठरल्यावर १९६७-६८ च्या वजनमापांच्या तेराव्या सार्वत्रिक परिषदेने मायक्रॉन रद्द केला आणि त्याच लांबीचे नाव मायक्रोमीटर झाले. इंग्रजीत एककाच्या व उपकरणाच्या स्पेलिंगमध्ये शेवटच्या दोन अक्षरांची अदलाबदल करता येते, ती सोय देवनागरीत नाही. "मायक्रोमीटरने वीस मायक्रोमीटर मोजले" असे वाक्य कारखान्यात कोणी उच्चारणार नाही. म्हणून परीक्षेत मायक्रोमीटर लिहावे, आणि बोलताना मायक्रॉन म्हणायला माझी तरी हरकत नाही. या सदरातही मी तेच करतो आहे. सरकारी नियमसुद्धा मायक्रॉनच म्हणतात.

प्रश्न : सांवेर रोडवर आमचे लेथचे छोटे वर्कशॉप आहे. मे महिन्यात ॲल्युमिनियमचे ५० मिलीमीटर व्यासाचे काही जॉब करून दिले. ड्रॉइंगप्रमाणे व्यास ५० च्या वर जायचा नव्हता आणि खाली जास्तीत जास्त १६ मायक्रॉन चालत होता. आमच्या डिजिटल मायक्रोमीटरवर जॉब ४९.९९४ भरले. मशिनवरून उतरवल्यावर ते तासभर थंडही होऊ दिले होते. पण पीथमपूरच्या ग्राहकाच्या वातानुकूलित खोलीत तेच जॉब ४९.९८२ निघाले आणि सगळा लॉट परत आला. वडिलांनी (ते अजून इंचाच्या जुन्या मापांत, सुतात आणि थाऊत, बोलतात) मायक्रोमीटर बिघडला असे ठरवले. पण स्लिप गेजवर (अचूक मापाच्या पोलादी ठोकळ्यावर) तपासला तर तो तंतोतंत बरोबर दाखवतो. मग १२ मायक्रॉन गेले कुठे?
– एक वर्कशॉप-चालक, इंदूर

उत्तर : आपले पत्र वाचून मनापासून वाईट वाटले, कारण यात आपल्या हातून कारागिरीची चूक झालेली नाही, आणि ग्राहकाच्या मोजणीतही खोट नाही. हे १२ मायक्रॉन इंदूरच्या उन्हाळ्यात गेले.

जगभर ड्रॉइंगवर लिहिलेले प्रत्येक माप हे २० अंश सेल्सिअस तापमानाला असलेले माप समजले जाते, मग ड्रॉइंगवर तसे लिहिलेले असो वा नसो. हा संकेत १९३१ मध्ये आंतरराष्ट्रीय वजनमाप समितीने पक्का केला. त्यापूर्वी फ्रान्सचा मीटर शून्य अंशाला आणि इंग्लंडचा यार्ड ६२ अंश फॅरनहाइटला खरा मानला जाई, आणि दोन देशांतील कारखान्यांचे भाग एकमेकांत बसवताना कोणते तापमान धरायचे यावर वाद होत. स्लिप गेजची कल्पना ज्यांच्या नावावर आहे, त्या स्वीडनच्या योहानसन यांनी आपले गेज २० अंशांना धरून बनवले, आणि कारखान्यांत तीच रीत रुळली.

पोलादाची एक मीटर लांबी दर अंशाला सुमारे साडेअकरा मायक्रॉनने वाढते. ॲल्युमिनियमची त्याच्या दुप्पट, म्हणजे २३ मायक्रॉनने. मे महिन्यात दुपारी आपल्या वर्कशॉपमध्ये ४० अंश तापमान धरू. २० अंशांपेक्षा ते २० ने अधिक आहे. आपला ५० मिलीमीटरचा ॲल्युमिनियमचा जॉब तेवढ्यात २३ मायक्रॉनने फुगला. पण आपला मायक्रोमीटरही त्याच खोलीत होता. त्याची चौकट व स्क्रू पोलादाचे, म्हणून त्याचे माप सुमारे साडेअकरा मायक्रॉनने ताणले गेले. फुगलेली वस्तू ताणलेल्या पट्टीने मोजल्यावर दोहोंतील फरकच तेवढा दिसतो, आणि तो साडेअकरा मायक्रॉन आहे. ४९.९९४ मधून तो वजा करून पाहा : ४९.९८२५. ग्राहकाचा आकडा हाच आहे.

आता स्लिप गेजचे कोडे. स्लिप गेज पोलादाचा, मायक्रोमीटरही पोलादाचा, आणि दोन्ही ४० अंशांवर. दोन्ही सारखेच वाढले, म्हणून एकमेकांशी तंतोतंत जुळले. या तपासणीने मायक्रोमीटर निर्दोष असल्याचे सिद्ध केले. पण तुमच्या जॉबविषयी ती काहीच सांगू शकत नव्हती. वडील उपकरणावर संशय घेऊन चुकले असले, तरी त्यांच्या काळी ते चुकले नसते असे मला वाटते. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, २५.४ मायक्रॉन. ज्या कामात थाऊच्या हिशेबात सूट असे, आणि बहुतेक जॉब पोलादाचे किंवा बिडाचे असत, तेथे ही गोष्ट कोणाच्या डोळ्यांत भरलीच नसती. शिवाय पोलादी जॉब तासभर थंड करून मोजण्याची त्यांची रीत पोलादासाठी अचूकच आहे. कारण तेथे जॉब व मायक्रोमीटर एका तापमानाला आले की हिशेब आपोआप फिटतो. आपणही तीच रीत पाळली, फक्त धातू बदलला होता.

यावर उपाय वातानुकूलित खोलीच असे नाही. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे ॲल्युमिनियमचाच, ५० मिलीमीटरच्या जवळपासचा एक नमुना करून घ्यावा आणि त्याचे २० अंशांचे खरे माप प्रमाणित प्रयोगशाळेतून लिहून आणावे. तो जॉबच्या शेजारी एकाच लोखंडी पाटावर दोन-तीन तास ठेवावा, आणि मायक्रोमीटर त्या नमुन्यावर जुळवून मग जॉब मोजावेत. नमुना व जॉब एकाच धातूचे असल्याने खोलीत ४० अंश असोत की ४४, दोघांची वाढ सारखीच होते. दुसरा उपाय म्हणजे तापमान मोजून वजाबाकी करणे. तो बरोबर आहे, पण धावपळीत कारागीर वजाबाकी विसरतो, हे आपणही जाणताच. मायक्रोमीटर सारखा मुठीत धरून ठेवू नये. हाताच्या उबेने त्याची चौकट वाढते आणि माप कमी दिसू लागते. शेवटची थोडी फेरी रॅचेटनेच (ठरावीक दाबानंतर निसटणाऱ्या टोकाच्या कळीनेच) द्यावी, कारण ॲल्युमिनियमवर जोर दिला तर एक-दोन मायक्रॉन तेथेच दाबले जातात. आणि पुढचे कोटेशन देताना मोजणी कोणत्या तापमानाला व कोणत्या नमुन्यावरून होईल, हे ग्राहकाशी आधीच लेखी ठरवून घ्यावे.

प्रश्न : वर्तमानपत्रात हवेतील "पीएम २.५" चे प्रमाण ६० च्या आत असावे असे वाचले. २.५ मायक्रॉन हे प्रमाण ६० मायक्रॉनच्या आत आहेच की! मग काळजी कशाची?
– एक वाचक, तिलकनगर, इंदूर

उत्तर : दोन आकडे दोन निरनिराळ्या गोष्टींचे आहेत. २.५ हा कणांच्या आकाराचा आकडा आहे व तो मायक्रॉनमध्ये आहे. ६० हे अशा कणांचे वजन आहे, एक घनमीटर हवेत इतके मायक्रोग्रॅम. आपल्या देशाच्या २००९ च्या मानकांनुसार चोवीस तासांची सरासरी ६० च्या व वर्षाची सरासरी ४० च्या वर जाऊ नये. बातमीत "मायक्रो" एवढाच अर्धा शब्द उरला की असा घोटाळा होतो, आणि त्याचा दोष वाचकाकडे जात नाही.

आकाराबद्दलही एक बारकावा आहे. धुळीचा किंवा धुराचा कण वाटोळा नसतो, त्यामुळे त्याचा व्यास पट्टी लावून ठरत नाही. पाण्याइतक्या घनतेचा २.५ मायक्रॉनचा गोल थेंब हवेत ज्या वेगाने खाली येईल, त्याच वेगाने येणारा कण २.५ चा मानला जातो. म्हणजे हा आकडा कणाच्या आकारापेक्षा त्याच्या चालीचा आहे. फुप्फुसालाही चालीशीच कर्तव्य असते : जड कण नाका-घशातच अडकतात, हलके आत खोलवर पोचतात. तुलनेसाठी डोक्याचा केस ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो आणि रक्तातील तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉन रुंद.

प्रश्न : आपल्या पूर्वजांना मायक्रॉन माहीत होता, असे एका व्याख्यानात ऐकले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात परमाणूचे माप दिले आहे, हे खरे का? दुसरी शंका घरगुती आहे. काजूकतलीवरचा चांदीचा वर्ख आणि सराफ्यात मिळणाऱ्या बांगड्यांवरील सोन्याचा मुलामा किती मायक्रॉनचा असतो? वर्ख तर बोट लागताच उडून जातो.
– एक निवृत्त शिक्षिका, सुदामानगर, इंदूर

उत्तर : अर्थशास्त्रात कोष्टक आहे, हे खरे. आठ परमाणूंचा रथाच्या चाकाने उडालेला एक धूलिकण, आठ धूलिकणांची एक लीख, आठ लिखांची एक ऊ, आठ उवांचा एक यवमध्य (जवाच्या दाण्याची मधली जाडी) आणि आठ यवमध्यांचे एक अंगुळ. अंगुळ म्हणजे मध्यम बांध्याच्या पुरुषाच्या मधल्या बोटाची रुंदी. ती १८ मिलीमीटर धरली तर यवमध्य सव्वादोन मिलीमीटर, ऊ मिलीमीटरच्या पावापेक्षा थोडी अधिक, लीख ३५ मायक्रॉन, धूलिकण चार-साडेचार मायक्रॉन आणि परमाणू अर्ध्या मायक्रॉनहून जरासा मोठा येतो.

उत्तर मायक्रॉनच्या घरात पडते, म्हणून व्याख्यात्यांना मोह होणे स्वाभाविक आहे. पण मी त्यांच्याशी सहमत नाही. बोट आणि जव ही मापे हाताने पडताळता येतात, आणि ती बऱ्यापैकी जुळतातही. त्याखाली मात्र मोजणी संपून भागाकार सुरू होतो. खरी ऊ दोन-तीन मिलीमीटर लांब असते; डोक्यातून काढून नखावर ठेवलेल्या उवेचा आणि कोष्टकातील उवेचा मेळ बसत नाही, म्हणजे ती कोणी पट्टीला लावून पाहिली नव्हती. कोष्टकाचे सौंदर्य निराळ्या जागी आहे. आठाने भागणे म्हणजे तीनदा निम्मे करणे, आणि निम्मे करणे हे दोरी दुमडून कोणालाही जमते. मनुस्मृतीत झरोक्यातून आलेल्या उन्हात दिसणाऱ्या रजकणाला त्रसरेणू म्हटले आहे, त्याचाही दाखला अशा वेळी दिला जातो. परंतु ते कोष्टक सोने-चांदी तोलण्याचे आहे, लांबीचे नव्हे.

वर्खाकडे वळू. त्याची जाडी पिशवीच्याच युक्तीने, वजनावरून काढावी लागते. मायक्रोमीटरच्या जबड्यांत धरला तर वर्ख जबड्यालाच चिकटून बसेल. अन्नपदार्थांच्या भारतीय मानकांनुसार खाण्याच्या वर्खात एका चौरस मीटरला २.८ ग्रॅमपर्यंत चांदी असावी. चांदीची घनता दर घन सेंटीमीटरला साडेदहा ग्रॅम आहे. भागाकार केला की जाडी ०.२७ मायक्रॉन येते. म्हणजे १२० मायक्रॉनच्या पिशवीच्या एका पदराइतकी जाडी भरायला सुमारे साडेचारशे वर्ख एकावर एक रचावे लागतील. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या लहरींची लांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन असते, आणि वर्ख त्याहून पातळ आहे. याच्याही खाली गेलो की अँगस्ट्रॉम हे एकक हाती घ्यावे लागते. स्वीडनचे भौतिकशास्त्रज्ञ अँगस्ट्रॉम यांनी १८६८ मध्ये सूर्यप्रकाशातील रेषांचा जो नकाशा प्रसिद्ध केला, त्यात वापरलेल्या मापावरून हे नाव पडले; एका मायक्रॉनचे दहा हजार अँगस्ट्रॉम होतात. आपल्या शहरातील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ यंत्रातून निघणाऱ्या क्ष-किरणांनी पदार्थांची रचना तपासतात, तेथे याच मापाच्या गोष्टी चालतात. चांदीचा एक अणू सुमारे २.९ अँगस्ट्रॉम रुंद आहे. त्या हिशेबाने वर्खात अणूंचे हजारभर थर बसतात.

मुलामा मात्र दुकानागणिक वेगळा असतो, म्हणून एकच उत्तर देता येणार नाही. आकडा विचारून घ्यावा आणि पुढील हिशेब जवळ ठेवावा. एक ग्रॅम सोने एक मायक्रॉन जाडीने पसरले तर सुमारे ५१८ चौरस सेंटीमीटर जागा झाकते. सहा सेंटीमीटर आतील व्यासाच्या, चार मिलीमीटर जाड गोल तारेच्या बांगडीचा पृष्ठभाग साधारण २५ चौरस सेंटीमीटर असतो. तिच्यावर दोन मायक्रॉनचा मुलामा दिला तर ग्रॅमचा दहावा भाग, एवढेच सोने लागते. "मायक्रॉन प्लेटिंग" अशी पाटी असेल पण किती मायक्रॉन ते सांगितले जात नसेल, तर त्या पाटीला काही अर्थ नाही.

आणि वर्ख उडतो त्याचे कारण : दहा सेंटीमीटर लांब-रुंद तुकड्यात जेमतेम २८ मिलिग्रॅम चांदी असते. त्याला उचलायला श्वास पुरतो. तो कागदासकट काजूकतलीवर पालथा घालावा, कागद मागाहून सोडवावा, आणि तोवर पंखा बंद ठेवावा.